मोरीतला गुंता

मागच्या आठवड्यात मुलुंडहून ८.१४ ची स्लो पकडली. लेडीज डब्यात आमच्या रोजच्या ग्रुपमधली एक जण डोक्यावरून ओढणी घट्ट घेऊन बसली होती. ऊन नाही, पाऊस नाही. विचारलं तर हळूच म्हणाली, "उभं राहणाऱ्या बायकांना वरून माझं डोकं दिसतं गं. भांगाची जागा केवढी झालीये बघ." आणि घाटकोपर येईपर्यंत रडत होती.

"केसच आहेत, येतील परत" असं म्हणून मी तिला गप्प करू शकले असते. पण तीन वर्षांपूर्वी मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आणि या वाक्याने एकच काम होतं. बाई बोलायची बंद होते. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा. घरातल्या पुरुषांनीही वाचा.

माझं तेव्हा वय ४३. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, दहा-बारा दिवस अंथरुणात गेले, मग ऑफिस सुरू. दिवाळीत अभ्यंगस्नानाला डोक्यावरून न्हाले आणि मोरीत पाणी तुंबलं. जाळी उचलली तर मुठीएवढा गुंता. मग उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस, कीबोर्डवर केस. सासूबाई एकदा कुंकवाची डबी हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत, पण मी तेव्हापासून भांग पाडणंच सोडलं.

सल्ले काय कमी मिळाले? कांद्याचा रस, जास्वंद, माका, मेथीचं पाणी. सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पाण्यावर तीन दिवस भांडण. पार्लरवाली म्हणाली, "ताई, टेन्शन घेऊ नका." मग मी एका केसांच्या क्लिनिकमध्ये गेले. तिथे पांढरा कोट घातलेल्या मुलीने डोक्याला कॅमेरा लावून स्क्रीनवर माझीच कातडी मोठी करून दाखवली. ती बघून कुणीही घाबरेल. ६५ हजारांचं पॅकेज, हप्त्याने. वर बायोटिनच्या गोळ्या. "तुम्ही डॉक्टर का?" विचारलं तर "हेअर एक्स्पर्ट" असं उत्तर. त्या सहा महिन्यांत तिथल्या एकाही माणसाने माझ्या रक्ताची साधी तपासणी सांगितली नाही.

शेवटी डब्यातल्याच एका सिस्टरने हाताला धरून महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. केसपेपर, रांग, अडीच तास. लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी डॉक्टर. तिने चिमटीत केस धरून हळूच ओढून पाहिले, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. आणि विचारलं, "पाळी किती दिवस असते?"

मी म्हटलं, आठ-नऊ दिवस.

"किती वर्षांपासून?"

तीन-चार असतील.

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

काय सांगणार? आईचं असंच होतं, मावशीचं असंच होतं. चाळिशीत असं होतंच, एवढंच आम्हाला माहीत. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. शरीरात लोहाचा साठा किती आहे हे सांगणारी फेरिटिनची तपासणी केली, तो आकडा ५. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ. चार वर्षं मी जिने चढताना धापा टाकत होते आणि त्याला वय म्हणत होते. गाठ सापडली ती केसांमुळे.

त्या डॉक्टरने समजावलं ते सोप्या शब्दांत सांगते. डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात, थोडे विश्रांतीत. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणून ऑगस्टच्या तापाचे केस दिवाळीत गळाले. कोविडनंतर कितीतरी जणींचं हेच झालं होतं, आठवतंय? हे केस बहुधा सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येऊ लागतात. माझे आले नाहीत, कारण लोहच नव्हतं. शरीर आहे तेवढं लोह आधी रक्तासाठी वापरतं, केसांचा नंबर शेवटी लागतो. बायोटिन तिने बंद करायला लावलं, कारण त्याने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात.

आता मुद्द्याचं. हा काही माझ्या एकटीच्या मोरीतला प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत ४८ टक्के होता. म्हणजे वाढला. लेडीज डब्यात समोरासमोरच्या सीटवर सहा जणी बसल्या असतील तर हिशोबाने त्यातल्या तिघींचं रक्त कमी आहे. आणि आपण काय बोलतो? कुठलं तेल लावतेस?

बुलढाणा आठवा. जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून बातमी आली की डोक्याला खाज सुटते आणि दोन-तीन दिवसांत केस हातात येतात. बाया, पुरुष, लहान पोरं, सगळ्यांचे. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर 'टक्कल व्हायरस'चे विनोद फिरले, मीही एक पुढे ढकलला होता, खोटं कशाला बोलू. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर, मग बुरशीवर. आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले गेले. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे, स्वतः तिथे गेले आणि त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम फार जास्त होतं. सेलेनियम शरीराला चिमूटभर लागतं, जास्त झालं की विष. केस आणि नखं जाणं हे त्या विषबाधेचं ओळखीचं लक्षण. आणि एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं गळत असल्याच्या बातम्या आल्याच.

बहुतेकांचे केस पुढे उगवू लागले. पण मधल्या काळात कॉलेजच्या पोरींनी तोंड लपवलं, ठरलेल्या लग्नांत अडचणी आल्या. शरीर ओरडून सांगत होतं की ताटात काहीतरी बिघडलंय, आणि आपण टकलावर हसत होतो. रेशनचं धान्य हा ज्यांच्या घरी एकच पर्याय आहे, त्यांना पोतं कुठून आलं, तपासलं का, हे दुकानाच्या फळ्यावर मराठीत लिहून मिळायला नको का?

कुणी म्हणेल, बाई, एवढं काय केसांचं? अहो, केसांचं एवढं आपणच करून ठेवलंय. याच महाराष्ट्रात नवरा गेला की बाईचे केस उतरवायचे. तिला लोकांपुढे विद्रूप करायचं तर काय काढून घ्यायचं हे समाजाला नीट ठाऊक होतं. १८९० मध्ये याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा त्यांनी निर्धार केला. ते केशवपन संपलं. पण केस म्हणजे बाईपण, केस म्हणजे सौभाग्य, हे डोक्यातून गेलं नाही. म्हणून पुरुषाला टक्कल पडलं की तो "काकांवर गेला", आणि बाईचे विरळ झाले की "हिला काय झालं?" आणि हे विचारणाऱ्यातली एकही तिला तपासायला घेऊन जात नाही!

या लाजेवरच धंदा चालतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनबाहेर मान वर करा, केसांची जाहिरात दिसेल. कायदा नाही असं नाही. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. त्या यादीतले आजार बरे करण्याचा दावा औषधाने करायचा नाही. त्यात टक्कल आहे, नवीन केस उगवणंही आहे. मग पळवाट काय? तेल, शाम्पू सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं, मोठ्या अक्षरात 'केसगळती कमी' लिहायचं आणि तारा काढून खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'तुटल्यामुळे होणारी'. तुटणं वेगळं, मुळापासून गळणं वेगळं. आपण पैसे दुसऱ्यासाठी देतो.

सगळ्यांचं कारण माझ्यासारखंच असेल असं नाही. थायरॉइड असू शकतं, पीसीओडी असू शकतं. गोल चकत्या पडल्या तर ती चाई, ती वेगळी. रोज घट्ट अंबाडा किंवा पोनी बांधून कपाळावरचे केस मागे सरकतात. काहींचं आनुवंशिक असतं, भांग हळूहळू रुंद होतो, त्यावर औषध आहे, पण ते डॉक्टरने द्यायचं आणि महिनोन्‌महिने लावायचं. गरोदरपणात ते चालत नाही. म्हणजे आधी कारण, मग उपाय. आपण उलटं करतो.

माझं मागणं मोठं नाही. महापालिकेच्या दवाखान्यात आणि आपला दवाखान्यात कुठलीही बाई केस गळतात किंवा अंगावरून जास्त जातं म्हणाली, तर तिने न मागता तिचं हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासा. पाळीचा प्रश्न प्रत्येक बाईला विचारा, त्वचेच्या ओपीडीतही. अन्न व औषध प्रशासनाने स्टेशनबाहेरच्या जाहिराती एकदा खाली उतरून वाचाव्यात. आणि पॅकेज विकणाऱ्या प्रत्येक ठिकाणी भिंतीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा.

माझं पुढे काय झालं? गाठीवर उपचार झाले. लोहाच्या गोळ्या आठ महिने घेतल्या, चहाच्या आधी-नंतर नाही, लिंबूपाण्यासोबत. कपाळाशी बारीक केस उभे राहिले तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू साळिंदर दिसतेस." केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे धीर लागतो. पूर्वीची वेणी काही परत आली नाही. खांद्यापर्यंत कापले आहेत आणि भांग पुन्हा मधोमध पाडते. पण जिने आता न थांबता चढते.

मैत्रिणीला येत्या शनिवारी त्याच ओपीडीत घेऊन जाते आहे. तिलाही मी डब्यातच विचारलं, पाळी किती दिवस असते. ती म्हणाली, "दहा. पण ते तर नेहमीचंच आहे गं."

तुमच्या घरात कुणाचं 'नेहमीचंच' आहे का, ते आज रात्री जेवताना विचारा. पोस्ट शेअर करायला परवानगी मागू नका, करा.