हतनूरचा गाळ कोणाचा?

2 फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. 1971 साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला आणि त्याच वर्षी भुसावळ तालुक्यात तापीवरचे हतनूर धरण पुरे झाले. दोघांची गाठ अजून पडलेली नाही.

पूर्णा वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातून काळी माती घेऊन येते आणि चांगदेवला तापीला मिळते. संगमाच्या खाली हतनूरची भिंत. 41 दरवाजे किती मीटरने उघडले, ही जळगावकरांची दर पावसाळ्यातली ठरलेली बातमी. एवढे पाणी सोडूनही गाळ मागे राहतोच. दीपनगरचे वीजकेंद्र, वरणगाव-भुसावळचे आयुधनिर्माणी कारखाने, रेल्वे आणि कालव्याखालची शेती या सगळ्यांचा भार या साठ्यावर असल्याने गाळ काढा ही मागणी रास्तच आहे.

पण हाच गाळ जलाशयाच्या शेपटाकडे उथळ पसरतो. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की तिथे चिखलाचे पट्टे उघडे पडतात, पाणवनस्पती फोफावतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, मोठ्या लालसरीचे थवे तिथे उतरतात. वरणगावचे पक्षीमित्र वर्षानुवर्षे त्यांची गणना करत आहेत. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या स्थळांच्या यादीत हतनूरचे नाव आहे. या यादीला मान आहे, पण कायद्याचे बळ नाही.

ते बळ जिथून मिळावे तिथेच मेख आहे. पाणथळींविषयीचे केंद्राचे 2017 चे नियम वाचावेत. पाणथळीची व्याख्या चांगली ऐसपैस सुरू होते आणि शेवटी वगळण्यांवर येते. मीठ पिकवण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना पाणथळ धरायच्या नाहीत! म्हणजे मुंबईची मिठागरे आणि खानदेशचे धरण एकाच वाक्यात बाहेर. मिठागरांचे पुढे काय होते ते आपण पाहतोच आहोत. 2024 मध्ये मुंबईतील सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावीकरांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. घरे हवीत, याबद्दल वाद नाही. पण ती जमीन मोकळी पडलेली आहे असे समजणे सोपे गेले, त्याला या व्याख्येचाही हातभार लागला असावा, असे आम्हाला वाटते. पक्षी मात्र जागा कोणी आणि कशासाठी बांधली ते विचारत नाही.

सिंचनाच्या कामातून रामसर स्थळ होत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जावे. गोदावरीवरचा नांदूरमधमेश्वरचा बंधारा इंग्रजी अमदानीत कालव्यांसाठीच बांधला गेला. तो गाळाने भरत गेला, त्या गाळावर दलदल झाली, 1986 मध्ये अभयारण्य आले आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. कालवे बंद पडले नाहीत. रामसरच्या निकषांत एक साधा आकडा आहे: जिथे नेमाने 20 हजार वा अधिक पाणपक्षी येतात ती जागा पात्र ठरते. हतनूरच्या गणनेच्या वह्या त्या आकड्यासमोर ठेवून बघायला हरकत कोणाची असावी?

खानदेशात दुर्मीळ पक्षी म्हटले की रानपिंगळाच आठवतो. 1884 नंतर बेपत्ता झालेला हा पक्षी 1997 मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि जगभर गाजला. धुळ्यात शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवती अभयारण्यही आहे. जंगलाची काळजी आपल्याला कळते, चिखलाची कळत नाही. नदीसुरय वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो, तेही भर उन्हाळ्यात. तो आता जागतिक पातळीवर असुरक्षित गटात गेला आहे आणि त्याचा भाऊबंद काळ्या पोटाचा सुरय धोक्यात आलेल्यांत. नेमक्या त्याच महिन्यांत नदीपात्रात वाळूचे डंपर फिरत असतात.

तेव्हा मागणी मोठी नाही. गाळ काढायचा तर भिंतीलगतचा आणि मुख्य पात्रातला काढावा. संगमाकडचा उथळ भाग आखून तसाच सोडावा. मार्च ते जून वाळूची बेटे उपशातून वगळावीत. पूर्णेतून वाहत येणारी जलपर्णी साठ्यात शिरण्याआधीच अडवावी. भोई बांधवांची जाळी आणि पात्रातल्या डांगरवाड्या यांचा प्रश्न त्यांच्याशी बोलूनच सुटेल. रामसर करार सुज्ञ वापराला मान्यता देतो, हे त्यांना आधीच सांगितले तर अर्धी भीती जाईल. राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे प्रस्ताव पाठवणे हे जिल्हा प्रशासन, पाटबंधारे खाते आणि वन खाते यांनी मिळून करायचे काम आहे. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेसाठी हजारो वारकरी याच संगमावर येतील. प्रस्ताव तोवर टेबलावर असावा.