वैल आणि स्लो कुकर

मागच्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. सकाळी सातला जावयांनी कांदा, सिमला मिरची चिरली, त्यावर चिकन सॉसेज नि टोमॅटो घातले, स्लो कुकर मंद आचेवर लावला आणि दोघंही कामाला गेली. आठ तासांनी कुकर आपोआप फक्त गरम ठेवण्यावर आला. संध्याकाळी दार उघडलं, तर घरभर घमघमाट! सगळे एकत्र जेवायला बसलो.

मला आजीची चूल आठवली. वैलावरची डाळ अशीच तासन्‌तास शिजायची. गंमत म्हणजे हा कुकरही एका आईच्या आठवणीतूनच आला. लिथुआनियात शुक्रवारी भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचं नि शनिवारी गरम जेवायचं, हे शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं. १९४० साली त्यांना पेटंट मिळालं. १९७१ मध्ये तोच ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आला.

तुमच्याकडे असा कुकर असेल तर गोठलेले सॉसेज थेट घालू नका, आधी फ्रिजमध्येच नरम होऊ द्या. झाकण सारखं उघडू नका. राजमा करायचा तर भिजवून आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, नाहीतर तो बाधतो.

पण खरं सांगू? लेकीला मोकळीक कुकरनं दिली नाही, सकाळी सातला कांदा चिरणाऱ्या हातांनी दिली. आपल्याकडे गॅस आला, मिक्सर आला, तरी ओट्याशी उभी कोण? नवं भांडं घेण्याआधी घरात एवढं विचारून तर बघा!