पाण्याखालचे कोण पाहणार?

पुण्यातली जुनी माणसे अजूनही एखादी गोष्ट ‘पुराच्या आधीची’ की ‘पुरानंतरची’ अशी सांगतात. पूर म्हणजे १२ जुलै १९६१ चा. त्या दिवशी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे १८७९ मध्ये बांधून झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही. पानशेतचे दुखणे भरावाच्या पोटात, पाणी सोडण्याच्या मोरीपाशी होते. वरचा भराव खचू लागला तेव्हा ते डोळ्यांना दिसले आणि तोवर जवानांच्या हाती वाळूची पोती तेवढी उरली होती.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती, असे सरकारनेच नंतर सांगितले. मला राहून राहून वाटते, पाहणी म्हणजे नेमके काय पाहिले? कठडे, कमानी, दगडांतून उगवलेले पिंपळ! पूल मात्र पायाशी मरतो. खांबाभोवती पाण्याचा भोवरा तळाची वाळू उकरून नेतो. गंमत अशी, की पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा गाळाने भरतो. त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला सारे ठीकठाक दिसते.

या कामाला आता दूरनियंत्रित यंत्रे आली आहेत. काठावर बसलेला माणूस केबलने जोडलेले यंत्र पाण्यात सोडतो. त्यावर दिवे आणि कॅमेरा असतो. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो, तिथे ध्वनिलहरींनी भेगांचा आणि खड्ड्यांचा आकार कळतो. पाणबुड्याला धरणाच्या दारापाशी पाठवणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे. यंत्र ओढीत सापडले तर पैशांवर निभावते. आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेली प्लॅनिस ही कंपनी अशी यंत्रे भारतातच बनवते.

अर्थात ऐन पुरात हे यंत्रही उतरत नाही. तेव्हा पुरात खांबापाशी खोली मोजणारी साधने आणि पूर ओसरल्यावर यंत्राची फेरी, अशी दोन्ही हवीत. मुठेचे एक वेळ सोडा, उन्हाळ्यात तिच्या पुलांचे पाय उघडेच पडतात. कोकणातल्या खाड्यांवरच्या पुलांचे तसे नाही. खडकवासल्याचेही नाही, ते रिकामे करून पाहू म्हटले तर पुणे तहानेल.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तिच्यात पाण्याखालच्या भिंतीचे चित्रण ठरावीक वर्षांनी व्हावे. १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यालाच आहे, म्हणजे जाणकार शोधायला लांब जायला नको. आणि ते चित्रण फायलीत न राहता, धरणाखाली राहणाऱ्या कोणालाही मागितल्यावर पाहायला मिळावे.