टोकाची भूमिका

ऑफिसात पेन मागणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्याला नुसती सही ठोकायची असते. त्याला काहीही चालतं, अगदी बँकेतलं दोरी बांधलेलं पेनसुद्धा. दुसरा मात्र पेन हातात घेतो, टोक डोळ्यांजवळ नेतो आणि विचारतो, "पॉइंट फाइव्ह का?"

मी या दुसऱ्या जमातीतली. माझ्या ड्रॉवरमध्ये पॉइंट फाइव्ह, पॉइंट फोर, पॉइंट थ्री असं सगळं खानदान नांदतं. 'सगळं आयुष्य कीबोर्डवर चाललंय, मग ही हौस कशाला?' असं शेजारच्या क्युबिकलमधून हमखास विचारलं जातं. अहो, म्हणूनच तर! हातानं लिहायच्या वेळा आता इतक्या कमी उरल्यात, की जे लिहितो ते बहुतेक कामाचंच असतं. सही, चेक, मीटिंगमधला एखादा मुद्दा, घरच्यांसाठी चिठ्ठी. तेव्हा कुठे कुठलं टोक चालतं, हे एकदा बघून घेऊ या.

आधी थोडा फंडा. बॉलपेनची शाई तेलकट, म्हणून ते दाबून लिहावं लागतं. जेलची शाई पाण्यात कालवलेली, पण दाट. रिफिलमध्ये ती स्वस्थ बसून असते. टोकाची गोळी फिरायला लागली की पातळ होऊन वाहते, गोळी थांबली की पुन्हा घट्ट. ओसाकाच्या साकुरा कंपनीनं १९८४ मध्ये अशी पेनं बाजारात आणली. पायलटचं ०.३ मिलिमीटरचं हाय-टेक-सी आलं १९९४ मध्ये. हा आकडा गोळीच्या व्यासाचा असतो. रेघ सहसा त्याहून बारीकच उमटते.

आता गुणगान. बारीक जेलला दाबावं लागत नाही, त्यामुळे तासभराच्या मीटिंगनंतरही बोटं कुरकुरत नाहीत. प्लॅनरच्या एवढ्याशा चौकोनात चार कामं मावतात. प्रिंटआउटच्या दोन ओळींमध्ये दुरुस्ती लिहिता येते. आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी तर खास फायदा: जोडाक्षरं! 'उद्ध्वस्त' किंवा 'राष्ट्रीय' जाड टोकानं घाईत लिहून बघा. द, ध आणि व एकमेकांच्या अंगावर पडतात आणि शब्द खरोखरच उद्ध्वस्त होतो. पॉइंट फोरमध्ये ज्याला त्याला आपापली जागा मिळते. शिवाय जाड जेलपेक्षा शाई कमी लागते, रिफिल जास्त दिवस पुरते.

पण थांबा, लगेच दुकानाकडे धावू नका. हेच टोक मराठीला दगाही देतं. आपलं अर्धं व्याकरण टिंबावर उभं आहे आणि पॉइंट थ्रीचं टिंब म्हणजे धुळीचा कण. कामाच्या मावशींसाठी 'भांडी आधी' अशी चिठ्ठी लिहावी आणि टिंब उमटू नये, की झाली 'भाडी आधी'. मावशी समजूतदार असतात म्हणून निभावतं. दुसरं म्हणजे शिरोरेघ. हा लांब आडवा फराटा बारीक टोकानं ओढताना स्वस्त कागदाचा तंतू टोकात अडकतो, पेन खरखरतं आणि रेघ मध्येच तुटते. बोरूच्या तिरक्या टोकानं देवनागरी अक्षराला जाड-बारीक वळण मिळायचं, तेही इथे नाही. सगळं एकाच जाडीचं, जरा उपाशीच दिसतं.

बाकी लाडही पुष्कळ करावे लागतात. सुईसारखं टोक वाकडं झालं किंवा पेन टोकावर पडलं, की बहुधा खेळ खल्लास. जरा तिरपं धरलं तर शाई कमी आणि ओरखडे जास्त. गुळगुळीत पावतीवर शाई वाळत नाही, फासली जाते. डावखुऱ्यांची तर पंचाईतच, कारण त्यांचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. कार्बन लावलेल्या पावत्यांवर दाबावंच लागतं. तिथे बारीक जेल बिचारं काय करणार?

चेकचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. डिसेंबर २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चेकवर नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त करता येत नाही, नवा चेकच फाडावा लागतो. त्यामुळे तिथे लिहिलेलं पुसलं किंवा पसरलं जाऊन चालणारच नाही. काही जेल शाया रंगकणांच्या असतात. त्या कागदात रुतून बसतात आणि रसायनांनी धुऊन काढणंही अवघड असतं. काही मात्र नुसता विरघळलेला रंग असतो, पावसाचा एक थेंब पडला की झाली रंगपंचमी. ओळखायचं कसं? एक ओळ लिहा, वाळू द्या, वर पाण्याचा थेंब सोडा. दोन मिनिटांत निकाल.

आणि ती घासून पुसता येणारी जेल पेनं? पायलटनं २००६ मध्ये आणलेलं फ्रिक्शन हे त्यातलं गाजलेलं नाव. दिसायला एकदम कूल. पण त्यातली शाई घासण्यानं नव्हे, उष्णतेनं अदृश्य होते, साधारण ६० अंशांच्या आसपास. म्हणजे त्या पेनानं सही केलेला करारनामा लॅमिनेशनला दिला किंवा मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरला, तर सही गायब होऊ शकते. नोट्ससाठी वापरा, सहीसाठी चुकूनही नको.

राहता राहिला वाचणारा माणूस. गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावायचं काम माझ्याकडे आलं. एक गोळी सकाळी पूर्ण, एक रात्री अर्धी. पॉइंट थ्रीनं लिहिलेलं '१/२' काय सुबक दिसतं! पण बाबा फ्रिजपुढे उभे असतात तेव्हा चष्मा हटकून दुसऱ्या खोलीत असतो. "चष्म्याशिवाय कळलं पाहिजे हं," त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून तो तक्ता मी एक मिलिमीटरच्या जाड पेनानं लिहिला, आणि 'अर्धी' असं चक्क अक्षरात.

तेव्हा माझी वाटणी साधी आहे. स्वतःच्या वहीला पॉइंट फोर, वाटलंच तर पॉइंट थ्री. चेक आणि करारनाम्याला थेंबाच्या परीक्षेत पास झालेलं पॉइंट सेव्हन. कार्बनला साधं बॉलपेन. आणि दुसऱ्या कुणी वाचायचं असेल, तर त्याच्या डोळ्यांना झेपेल ते.

एक शेवटची टिप. दुकानात पेन घेताना टेस्टिंगच्या कागदावर आपण सगळेच स्वतःची सही करतो. सही कुठल्याही पेनानं झकास येते हो! त्याऐवजी 'भांडी' लिहा. हातभर अंतरावरून टिंब दिसलं, तर खुशाल पैसे द्या.