परत आलेली तलवार आणि घरात राहिलेली शस्त्रे

लंडनच्या सोदबीज लिलावगृहात निघालेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या एप्रिलमध्ये विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. किंमत ४७ लाख १५ हजार रुपये. या खरेदीचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु भोसल्यांच्या मुलखात, तिरोड्यात बसून ही बातमी वाचताना आमच्या मनात एक वेगळा प्रश्न आला. ही तलवार रघुजींची, हे लंडनमधल्या माणसांना कळले कशावरून?

उत्तर त्या पात्यावरच आहे. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. मूठ मात्र इथली, मुल्हेरी घाटाची. पाठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, 'सेनासाहेबसुभा' ही पदवी आणि 'फिरंग' हा शब्द. परदेशी पात्यावर देशी मूठ चढवलेल्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. एरवी न जुळणारी मूठ आणि पाते दिसले की संग्राहकाला शंका येते. फिरंगीच्या बाबतीत ती विजोड जुळणी हीच ओळख. तरीही लेख वाचला म्हणजे काम संपले असे होत नाही. नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन पुरुष झाले. पहिले १७५५ साली वारले, दुसरे १८१६ साली, तिसरे १८५३ साली. तलवार पहिल्या रघुजींची मानली गेली आहे. असा निर्णय नुसत्या नावावर करता येत नाही. पात्याचा आणि मुठीचा घाट, अक्षरांचे वळण, सोन्याची झीज ही सर्व एकमेकांस साक्ष द्यावी लागतात.

नेपाळी खुकरीच्या संग्राहकांनाही हाच अभ्यास करावा लागतो. महायुद्धांच्या काळात सैन्यासाठी घडवलेल्या अनेक खुकऱ्यांवर निर्मात्याची खूण आणि साल असते. सिंहमुखी मुठीची झगमगीत खुकरी बहुधा प्रवाशांसाठी केलेली भेटवस्तू ठरते. लोखंड आम्लाने काळवंडवून त्याला 'प्राचीन' करता येते. अशा वेळी जुन्या गंजाच्या थरावर नव्याने कोरलेले अक्षर आतून उजळ राहते आणि लबाडी उघडी पडते. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील जुन्या बंदुका आणि खुकऱ्यांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यांतल्या कित्येक खुकऱ्यांच्या पाठीवर देवनागरी अक्षरे आहेत. ती अक्षरे आता दूरदेशीचे ग्राहक दुसऱ्याकडून वाचून घेतात. एका राज्याचे शस्त्रागार असे गेले, की मागे ते शस्त्र कोणत्या पलटणीत होते हे सांगणारे कोणी उरत नाही.

आमच्या भागात शस्त्रागार नाही, पण घरे आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवारांच्या परंपरेत भोसल्यांच्या कटक स्वारीत दिलेल्या साथीची आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनींची आठवण आहे. जुन्या मालगुजारांच्या, पाटलांच्या वाड्यांत खंडेनवमीला एखादी तलवार, एखादा कट्यार देवघरापुढे ठेवला जातो. पूजेपूर्वी ती पॉलिश पेपरने घासून चकचकीत करतात. भक्ती खरी असते, पण त्या घासण्यात अक्षर जाते, सोने जाते, आणि जी साक्ष लंडनमध्ये लाखांची ठरली ती आपल्या अंगणात धुळीत मिळते. वाटणी झाली की वाडा पडतो आणि उरलेले पाते लोखंडाच्या भावाने भंगारात जाते.

कायद्याने हे थांबेल असे आम्हांस वाटत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खाजगी निर्यात रोखतो आणि त्यांच्या व्यापाराला परवाना मागतो. पेटीतल्या तलवारीवर घासला जाणारा कागद तो रोखू शकत नाही. शिवाय नोंद केली म्हणजे जप्ती आली, ही धास्ती खेड्यांत आहेच. ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणूनच नोंद प्रथम त्या घराची असावी: पात्याची लांबी, मुठीचे छायाचित्र, अक्षरांची प्रत, आणि ती वस्तू घरात कशी आली याविषयी आजी जे सांगते ते, तिच्याच शब्दांत. दुसरी प्रत बाहेर जाईल ती घरच्यांच्या संमतीने. मराठी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे काम देता येईल. त्याला एक वही आणि एक मोजपट्टी पुरते.

शासनाने तलवारी विकत घ्याव्यातच. मात्र लिलावातून येणारी वस्तू बहुधा आपली कहाणी वाटेत गमावून येते आणि मग विद्वानांना ती अक्षरा-अक्षराने जुळवावी लागते. घरात असलेल्या वस्तूची कहाणी अजून कोणाच्या तरी तोंडी आहे. पुढच्या खंडेनवमीला पॉलिश पेपरऐवजी मऊ कापड आणि थोडे तेल घ्यावे, आणि पूजा झाल्यावर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून दोन पाने लिहावीत, एवढीच आमची विनंती आहे.