नळावरच्या बायका आणि उगिन नावाचा ड्रॅगन

एका मासिकात मी ३२ वर्षं मुद्रितशोधक होते. तेव्हा आमच्याकडे दर महिन्याला एक कादंबरी क्रमशः यायची आणि महिनाअखेर आली की वाड्यातल्या बायका मला नळावर गाठायच्या. 'अहो, ती डॉक्टरीणबाई परत येते का हो? तेवढं एक सांगा.' प्रूफं वाचून झालेली असायची, पण मी कधी तोंड उघडलं नाही. त्या थोड्याच थांबणार? धुणं पिळता पिळता त्या डॉक्टरीणबाईला दोन नवरे आणि एक अपघात देऊन मोकळ्या व्हायच्या. त्यांच्या काही कल्पना आमच्या लेखकापेक्षा सरस होत्या, हे आता सांगायला हरकत नाही.

हे आठवायचं कारण माझा १६ वर्षांचा नातू. रविवारी त्याचे तीन मित्र येतात आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर 'मॅजिक: द गॅदरिंग' मांडतात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ पासून चालू आहे. ड्रॅगन, चेटक्या, भुतं, पाच रंगांची जादू. कार्डं प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये असली तरी पोह्यांची बशी टेबलाजवळ न्यायची मला बंदी आहे. तासभर खेळ चालतो, मग दोन तास वाद: पुढच्या सेटमध्ये, म्हणजे नव्या कार्डांच्या संचात, कोण येणार, मेलेलं कोण जिवंत होणार, कोणाचा भाऊ उलटणार. सुनेच्या मते हा वेळेचा नास आहे. मला नळ आठवतो.

खेळाचे नियम मला अजून धड कळत नाहीत. बारीक टाइप वाचायची खोड मात्र गेलेली नाही, आणि मुलांचे अंदाज निघतात ते तिथूनच. कित्येक कार्डांच्या तळाशी तिरप्या अक्षरांत एखादी ओळ असते. डाव जिंकायला तिचा काडीचा उपयोग नाही. १९९५ च्या 'आइस एज' या सेटमध्ये जाया बॅलार्ड नावाची, आगीशी खेळणारी एक बाई या ओळींतून फटकळ शेरे मारत असे. तिचं स्वतःचं कार्ड नव्हतंच. ते निघालं २००६ मध्ये. अकरा वर्षं लोक तिला नुसत्या जिभेवरून ओळखत होते.

२००७ चा 'फ्यूचर साइट' तर याच खोडीवर उभा होता. त्यातली बरीच कार्डं, पुढे कधीतरी निघतील अशा सेटमधून आधीच निसटून आल्यासारखी केलेली. टार्मोगॉइफ या हिरव्या प्राण्याच्या कार्डावर कंसात कार्डांच्या प्रकारांची यादी आहे आणि त्या यादीत 'प्लेन्सवॉकर' हा शब्द आहे. तोवर त्या प्रकारचं एकही कार्ड नव्हतं! माझ्याकडे ते प्रूफ आलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह करून परत पाठवलं असतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिले पाच प्लेन्सवॉकर आले. 'फ्यूचर साइट'मधल्याच घोस्टफायर या कार्डाच्या तळाशी उगिन नावाच्या ड्रॅगनचा असाच ओझरता उल्लेख होता. उगिन स्वतः कार्डावर यायला २०१५ उजाडलं. घोस्टफायर निघालं तेव्हा माझ्या नातवाचा जन्मही झाला नव्हता.

त्याच सेटमधला सगळ्यात मजेशीर स्टीमफ्लॉगर बॉस. हे कार्ड 'कॉन्ट्रॅप्शन' जोडण्याविषयी बोलतं आणि कॉन्ट्रॅप्शन म्हणजे काय, हे तेव्हा नियमांत कुठेच नव्हतं. करणाऱ्यांनी ती निव्वळ थट्टा केली होती. पण लोकांनी विचारून विचारून इतकं भंडावलं की शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये, 'अनस्टेबल' या विनोदी सेटमध्ये, कॉन्ट्रॅप्शन खरोखर काढावी लागली. आमच्या नळावरच्या बायकांना एवढं यश कधी आलं नाही.

नातवाची लाडकी चंद्रा नलार त्या पहिल्या पाच प्लेन्सवॉकरांतली. आई पिया, वडील किरण. तिचा भारताच्या धर्तीवरचा देश २०१६ मध्ये अख्खा सेट होऊन आला. नाव रोमन लिपीत. नातू वाचतो 'कलादेश'. मी म्हटलं, काळादेश कशावरून नाही? त्या लिपीत काना आहे की नाही कळत नाही आणि ळ तर औषधालाही नाही. २०२५ च्या 'एथरड्रिफ्ट'मध्ये त्या देशाचं नाव बदलून 'आविष्कार' झालं. यंत्रं घडवणाऱ्यांचा देश म्हणून हिंदीत ते चपखल बसतं; पण आपण यंत्राच्या बाबतीत शोध म्हणतो, आणि आविष्कार म्हटलं की मला गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका दिसते. नातू म्हणाला, 'आजी, तू पत्ते वाट. प्रूफं नको तपासू.'

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. २०२५ मध्ये या खेळाचे सहा मुख्य सेट निघाले आणि त्यातले तीन पाहुण्यांचे: फायनल फँटसी, स्पायडरमॅन आणि अवतार. पत्ते यांचे, माणसं दुसऱ्यांची. स्पायडरमॅनच्या काकांचं काय होतं हे आमच्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक आहे, मग त्यात अंदाज कसला बांधायचा? टेबलावरचा वाद 'काय होईल'वरून 'यादीत कोण आहे'वर आला. मुलं म्हणतात, अमक्याला कोणता रंग देतील हाही अंदाजच की. असेल, पण तो पंगतीत कोण कुठल्या पाटावर बसेल, एवढ्यापुरताच. त्यात एका वर्षात सहा सेट. एक तर्क जरा मुरतोय तोच पुढच्याची चित्रं येऊन थडकतात.

खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीला धंदा करायचा आहे हे मला कळतं. आमचा दिवाळी अंकही जाहिरातींवरच निघायचा. गुपितं जपायला तर ही कंपनी भलतीच दक्ष. एप्रिल २०२३ मध्ये वेळेआधी बाहेर पडलेली कार्डं परत घ्यायला तिने अमेरिकेत एकाच्या दारात पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेची माणसं धाडली होती. मी ३२ वर्षं गुपितं राखली ती टेबलाच्या खणाला कुलूप लावून. दारात माणसं धाडणं मला अतीच वाटतं. आणि एवढा पहारा ठेवायचा तर आत राखण्यासारखं काही हवं ना?

तेव्हा विझार्ड्स ऑफ द कोस्टला माझं एवढंच सांगणं: पाहुणे हवे तेवढे आणा, पण दर सेटमध्ये एका तरी कार्डाच्या तळाशी घरच्या माणसाचं एक नाव टाकून द्या, ज्याचं कार्ड अजून कोणी पाहिलेलं नाही. मग दहा वर्षं त्याविषयी अवाक्षर काढू नका. नातू तोवर २६ वर्षांचा होईल. त्याला चालणार आहे, मी विचारून घेतलंय.