हत्यारे मिळाली, सुरक्षिततेचे काय?

‘पंतप्रधान विश्वकर्मा’ योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरास पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ही मदत स्वागतार्हच होय. परंतु यंत्र हाती येणे आणि ते सुरक्षितपणे चालविता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पूर्वी मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली राबून रंधा, पटाशी व करवत आत्मसात करीत असे. आज विजेची गोल करवत क्षणार्धात बोट तोडू शकते. पात्यावरील आवरण न काढणे, पाते बदलण्यापूर्वी वीजपुरवठा तोडणे, डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मास्क लावणे हे नियम साधे आहेत. मात्र ते काही दिवसांत अंगवळणी पडत नाहीत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मिळणाऱ्या उमेदवारीचे मोल येथेच कळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. घरोघरी फर्निचर करणारे दोघे-तिघे सुतार बहुधा तिच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे जबाबदारी काम देणाऱ्या आपल्यासारख्यांवर येते. दराची घासाघीस व मुदतीची घाई करताना शिकाऊ मुलाची बोटेही त्याच हिशेबात पणाला लागतात, याचा विसर पडू नये.